बिनतुऱ्याची लिली

१

आमच्या मांजरीचं नाव मावशी. वाघाची मावशी म्हणून लेकीनं कॉलेजात असताना ठेवलेलं. त्यामुळे आमच्या घरातली वाक्यं ऐकून नवा माणूस बुचकळ्यात पडायचा. ‘मावशीनं पुन्हा सोफा फाडला’, ‘मावशीला आज कपाटात कोंडा, पाहुणे येताहेत’, असलं काहीतरी आतून ऐकू यायचं. एकदा एका गिऱ्हाइकानं चष्मा घेता घेता मला हळूच म्हटलं, “म्हातारी माणसं आहेत हो, जरा सांभाळून घ्यावं.” ही हसत हसत आत पळाली होती.

ही म्हणजे माझी बायको. गेल्या हिवाळ्यात गेली. आजार मोठा वाटला नव्हता, आणि मोठा होता हे कळेपर्यंत उशीर झाला होता.

माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, आणि त्यामागे अंथरुणाएवढी बाग. ही पडदे शिवायची. मशीनवरून उठली की बागेत. बागेत तिनं लिलीचे कंद लावले होते, पांढऱ्या, मोठ्या तोंडाच्या लिली. मांजराच्या घरात लिली नको, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. पण फुलवाल्याच्या दुकानात तिनं पाहिलं, की तो प्रत्येक फुलाच्या मधले पिवळे तुरे कात्रीनं कापून टाकतो. झालं! विष त्या पिवळ्या पुडीत असणार आणि तुरे कापले की फूल निर्धोक, असं तिनं आपल्या मनाशी ठरवलं आणि घरादाराला ऐकवलं. मीही मान डोलावली. आमच्या संसारात ठरवायची कामं तिची आणि मान डोलवायची माझी.

मग दर हंगामात तेच. कळी उमलली की ही दोरे कापायची छोटी, टोकाशी वाकलेली कात्री घेऊन वाफ्यापाशी उकिडवी बसायची. कुट्, कुट्, कुट्. तुरे बशीत गोळा करायची, वर कागद झाकून केरात टाकायची, कात्री पुसून मशीनच्या खणात ठेवायची. सुट्टीच्या दुपारी त्याच कात्रीनं मागच्या पायरीवर बसून माझ्या उजव्या हाताची नखं कापायची. डाव्या हातानं मला ते कधी जमलं नाही. भिंगं हाताळणाऱ्या माणसाची नखं वाढलेली चालत नाहीत, काचेवर ओरखडे पडतात. “जन्मभर लोकांना दिसायला लावलंस,” ती म्हणायची, “आणि तुला स्वतःचं नख दिसत नाही.”

ती गेल्यावरच्या पहिल्याच हंगामात लिली नेहमीसारखी आली. कंदाला काय कळतं? मी सकाळी चहाचा कप घेऊन मागच्या पायरीवर उभा होतो. पहिलं फूल उमललं होतं. पांढरं, टवटवीत. आणि आतमध्ये काहीच नव्हतं.

तुरे कापलेले होते.

२

मी धंद्यानं संशयी आहे. माणूस तक्त्यावरची अक्षरं वाचतो तेव्हा निम्मी तो बघतो आणि निम्मी अंदाजानं ठोकतो. कुठलं अक्षर बघितलं आणि कुठलं ठोकलं, हे ओळखणं हेच माझं काम. तेव्हा मी स्वतःलाही तसंच तपासलं. किडा असेल. गोगलगाय असेल. पक्षी असेल. पण किडा इतका सरळ कापत नाही. प्रत्येक देठाचं टोक कात्रीनं छाटल्यासारखं तिरकं, स्वच्छ होतं. खाली मातीवर ते पिवळे तुरे पडलेले होते.

हे मात्र तिच्यासारखं नव्हतं. ती तुरे जमिनीवर कधी सोडत नसे.

मी ते वेचले आणि भिंगांच्या एका रिकाम्या डबीत ठेवले. का ठेवले? त्या वेळी मी मनाला सांगितलं, पुरावा म्हणून.

दुसरं फूल उमललं, त्याचंही तेच. तिसऱ्याच्या वेळी मी दुकानात फ्रेमचा स्क्रू पिळत होतो, दुपारची वेळ, रस्ता सुस्तावलेला. मागून आवाज आला. कुट्. मग थोडं थांबून, कुट्. घाई नव्हती त्या आवाजाला. जिला स्वयंपाक आटोपून, मशीनवरचं काम उरकून आता थोडा निवांतपणा मिळालाय, तिच्या हाताचा तो आवाज होता. तो मी संसारभर ऐकला होता. माझ्या हातातला स्क्रू खाली पडला आणि आजतागायत सापडलेला नाही.

मी मागे गेलो तेव्हा बागेत फक्त मावशी होती. शेपटी उभी करून ती वाफ्याच्या कडेनं चालत होती, आणि चालता चालता अंग घासत होती. तिथं घासायला काही नव्हतं, ना भिंत, ना कुंडी. नुसत्या हवेला अंग लावून ती वळली, पुन्हा घासली, आणि वर तोंड करून बारीक आवाजात काहीतरी म्हणाली. तो आवाज ती माझ्याशी कधी काढत नाही. तो हिच्यासाठी होता.

मशीनचा खण उघडला. कात्री जागच्या जागी होती. टोकांवर पिवळी पूड होती.

मी ती स्वच्छ पुसली, खणाला कुलूप लावलं, किल्ली खिशात टाकली. पुढचं फूल उमललं त्या दिवशी कुलूप काढून पाहिलं, तर टोकं पुन्हा पिवळी. कुलूपबंद खणातली कात्री कुणी वापरली, यापेक्षा मला एकच गोष्ट जास्त खात होती. हिनं कात्री कधीही न पुसता ठेवली नव्हती.

३

मावशीचे दात पडायला लागलेत. तिला मासा उकडून, काटे काढून, बोटांनी चुरून भरवावा लागतो. हे काम आधी हिचं होतं, आता माझं. हिरडी सुजलीसं वाटलं म्हणून मी तिला टोपलीत घालून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, बोलायला मोकळ्या. मावशीला तपासता तपासता त्यांनी घरची चौकशी केली, आणि बोलण्याच्या ओघात मी लिलीचं सांगितलं. तुरे कापण्याचंही सांगितलं. फक्त कोण कापतं, ते सांगितलं नाही.

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला.

“काका, कुणी सांगितलं तुम्हाला की तुरे कापले की चालतं?”

“फुलवाले कापतात ना.”

“ते गिऱ्हाइकाच्या कपड्यांना डाग पडू नयेत म्हणून कापतात! लिलीचं सगळं झाडच मांजराला विष आहे. पान, पाकळी, देठ, ती पिवळी पूड. फुलदाणीतलं पाणीसुद्धा. थोडं जरी पोटात गेलं तरी किडनी जाते. कुत्र्याचं एक वेळ पोट बिघडण्यावर निभावतं, मांजराचं नाही.”

“पण इतकी वर्षं काही झालं नाही.”

“नशीब म्हणायचं तुमचं. हिनं कधी पान चावलं नाही, एवढंच. आजच्या आज उपटून टाका. आणि अंगाला पूड लागलेली दिसली तर चाटायच्या आत पुसायची आणि तडक इकडे आणायचं. उशीर करू नका, काका. या विषात उशीर झाला की आम्हीसुद्धा काही करू शकत नाही.”

मी घरी आलो तो थेट कुदळ घेऊनच बागेत गेलो. मावशीला आतल्या खोलीत कोंडलं. वाफ्यात आता बऱ्याच कळ्या होत्या, काही उद्या-परवा उमलतील अशा. मी कुदळ उचलली, आणि मनात आलं, की एकदा हे झाड गेलं, की त्या कात्रीला या घरात काही काम उरणार नाही.

कुदळ भिंतीला टेकवून ठेवली. उद्या करू म्हटलं.

उद्या मी केलं नाही. परवाही नाही. मावशीला बागेत सोडायचं नाही, बस्स, दार लावून घ्यायचं, इतकं सोपं आहे, असं मी स्वतःला बजावत राहिलो. म्हातारी मांजर आणि म्हातारा माणूस यांच्यात दार लावायचं कोण विसरणार, हे उघडच होतं.

४

त्याच आठवड्यात गणिताच्या बाई चष्म्याचा नंबर तपासायला आल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, पण आवाज अजून वर्गातलाच. बऱ्याच वर्षांनी येत होत्या, गावात नव्हत्या मध्ये. माझ्या दुकानाची खोली आखूड आहे, त्यामुळे अक्षरांचा तक्ता मी गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावलाय आणि समोर आरसा. गिऱ्हाइकानं आरशात बघून वाचायचं, म्हणजे अंतर दुप्पट होतं. तक्त्याच्या बाजूला मधलं दार. दार उघडं असलं की आरशात घर दिसतं, आणि घरापलीकडे, मागच्या जाळीच्या दारातून, बागेचा तुकडा. एरवी तपासणीच्या वेळी मी ते लावतो. त्या दिवशी लावलं नव्हतं.

मी बाईंचा जुना चष्मा काढून घेतला, चाचणीची जड फ्रेम नाकावर चढवली.

“वरून वाचा.”

“काय वाचू? सगळा राडा दिसतोय. तुमच्या मिसेस मात्र दिसल्या.”

मी भिंगांची पेटी उघडत होतो. “कोण?”

“त्या मागे नाहीत का, झाडापाशी बसलेल्या? निळं काहीतरी घातलंय. एवढ्या उन्हात कशाला बसवता त्यांना? हाक मारा की.”

हिचा घरातला गाऊन निळा होता. धुऊन धुऊन विटलेला. तो लेकीनं जाताना आठवण म्हणून सोबत नेला होता.

मी बाईंच्या खांद्यामागून आरशात पाहिलं. माझा चष्मा माझ्या डोळ्यांवर होता. दार, खोली, खोलीपलीकडे ऊन, वाफा, पांढरी फुलं. दुसरं काहीही नव्हतं.

मी बाईंच्या फ्रेममध्ये पहिलं भिंग घातलं. “आता?”

“आता जरा बरं. मधली ओळ लागते.” त्यांनी भराभर अक्षरं वाचली. मग थांबल्या. “गेल्या वाटतं आत.”

मी भिंग काढलं.

“आणि आता?”

“आता पुन्हा राडा. आल्या, त्या बघा, बसल्या परत. काय हो, तुम्ही माझा नंबर तपासताय की तुमच्या बायकोवर पाळत ठेवताय?”

मागून आवाज आला. कुट्.

“अजून शिवतात वाटतं,” गणिताच्या बाई कौतुकानं म्हणाल्या.

मी होय म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो? त्यांना नंबर काढून दिला, पावती केली. दार लावून घेतलं आणि खुर्चीत बसलो. भीती वाटली, हे खरंच आहे. पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं, आणि ते मी कुणाला सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. मला आनंद झाला होता.

५

माझा स्वतःचा नंबर मोठा आहे. चष्मा काढला की वीतभरापलीकडचं सगळं जग धुक्यात. मी चष्मा काढला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसलो.

आधी नुसता हिरवा आणि पांढरा रंग होता. मग त्यात निळा आला. कुठून आला म्हणाल तर सांगता येणार नाही, फक्त आधी नव्हता आणि आता होता. उकिडव्या बसलेल्या माणसाएवढा. त्याच्या वरच्या बाजूला काळं-करडं काहीतरी, केसांच्या रंगाचं. ते खाली वाकायचं, आवाज व्हायचा, पुन्हा वर यायचं. मी झटकन चष्मा लावला. ऊन, वाफा, फुलं. काढला. निळा.

अशक्त डोळा रिकाम्या जागा आपल्या मनानं भरून काढतो, हे मी हजारो लोकांना समजावून सांगितलंय. तेच मी मला सांगितलं. मग म्हटलं, भरून काढू दे. एवढी रिकामी जागा आहे, भरू दे काहीतरी.

त्यानंतर दुपारी दुकानाला कुलूप असायचं. गिऱ्हाइकं परत जायची. मी पायरीवर चष्मा मांडीवर ठेवून बसायचो आणि तो निळा रंग आपलं काम करत राहायचा. मी बोलायचो. पडद्याच्या कापडवाल्यानं विचारपूस केली, गणिताच्या बाई आल्या होत्या, नळ गळतोय. उत्तर कधी आलं नाही. पण आवाज माझ्या बोलण्यासाठी थांबायचा आणि माझं वाक्य संपलं की पुन्हा सुरू व्हायचा. ती गेल्यापासून माझं पुरतं वाक्य कुणी ऐकलंच नव्हतं.

निळा रंग दिसेनासा झाला की मी चष्मा लावून तुरे वेचायचो. एव्हाना डबी भरत आली होती. रोज उघडून बघायचो, बोटानं चाळवायचो. ती पूड बारीक असते, कातडीला धरून बसते.

एकच गोष्ट मी तिला सांगितली नाही. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते. कारण मला ही माहीत होती. तिला कळलं असतं की पानसुद्धा विष आहे, तर तिनं क्षणभर विचार केला नसता, वाफा साफ केला असता. आणि मग ती कशाला आली असती? मेलेल्या माणसाला कुणी सांगितल्याशिवाय नवीन काही कळत नसावं. तिला जेवढं माहीत होतं तेवढंच ती करत होती. आणि सांगणारा मी एकटा होतो, आणि मी मूग गिळून बसलो होतो.

लेकीचा फोन आला. ती दूरच्या शहरात नोकरी करते.

“बाबा, दुकान बंद असतं म्हणे दुपारी? बरं वाटत नाहीये का?”

“झोपतो जरा.”

“जेवता ना नीट? आणि मावशी?”

“मावशी मजेत. आत्ताच मासा खाल्ला. माझी बोटंसुद्धा चाटूनपुसून खाल्ली तिनं.”

“तिला सांभाळा, बाबा,” लेक म्हणाली. तिचा आवाज एकदम ओला झाला. “आईच्या मांडीवर बसलेलं तेवढं एकच उरलंय आता.”

६

मावशी एका सकाळी मशीनखाली जाऊन बसली आणि बाहेर येईना. मासा पुढे केला, तोंड फिरवलं. तोंडातून लाळ गळत होती. मग ओकली. पुन्हा ओकली. मी तिला उचललं तर अंग कापडासारखं सैल लागलं. टोपली शोधायलाही वेळ न घालवता तिला कोटात गुंडाळून पळत दवाखाना गाठला.

डॉक्टरीणबाईंनी एकच प्रश्न विचारला, “उपटली होतीत ना?”

मी मावशीभोवतीचा कोट सोडवू लागलो. त्यांनी मान हलवली, तिला आत नेलं, सलाईन लावलं. मावशीच्या पुढच्या पायाची लव काढून तिथं सुई टोचली होती. ती माझ्याकडे बघत होती. विश्वासानं बघत होती, हेच सहन होईना.

“बागेत गेली होती?” बाहेर येऊन डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही हो. शपथेवर सांगतो. दार एकदाही उघडं टाकलं नाही. डोळ्यांत तेल घालून जपलं.”

“मग घरात कसं गेलं पोटात?” त्या बोलता बोलता थांबल्या. माझ्या हाताकडे बघत होत्या. “काका, हात दाखवा. उजवा.”

मी हात पुढे केला. डाव्या हाताची नखं मी स्वतः कापत होतो. उजव्याची हिच्यानंतर कुणी कापलीच नव्हती. ती वाढली होती, कडा तुटल्या होत्या, आणि प्रत्येक नखाच्या आत पिवळी रेघ होती.

“याच हातानं भरवता ना तिला?” त्या हळू आवाजात म्हणाल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी भिंतीला टेकलो. संसारभर हिनं त्या पुडीचा एक कण घरात येऊ दिला नव्हता. बशी, कागद, पुसलेली कात्री. आणि मी ती पूड डबीत साठवली होती आणि मांजरीला घासाघासानं भरवली होती.

“वाचेल ना?”

“लघवी होत राहिली तर आशा आहे. आता सांगता येत नाही. घरी जा, काका. हात घासून धुवा. आणि ती झाडं...”

“हो,” मी म्हणालो. “आज सांगतो.”

सांगतो का म्हणालो, असं त्यांनी विचारलं नाही.

७

डबी न उघडता तशीच घट्ट कागदात बांधून केरात टाकली. हात साबणानं पुन्हा पुन्हा धुतले. नखांतलं पिवळं पुरतं निघालं नाही. मग पायरीवर जाऊन बसलो आणि चष्मा काढला.

निळा रंग आधीच तिथं होता. त्या दिवशी बरीच फुलं एकदम उमलली होती आणि हात भरभर चालला होता.

“अगं,” मी म्हणालो. “जरा थांब. ऐक माझं.”

आवाज थांबला.

“तू करतेस ते पुरत नाही. नुसते तुरे कापून भागत नाही. पान, पाकळी, देठ, सगळंच विष आहे. आपल्याला चुकीचं माहीत होतं गं. तुला आणि मलाही. मला कळलं होतं, पण तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू...” रडायला आलं आणि मी ते आवरलं नाही. “मावशी दवाखान्यात आहे. माझ्या हातानं झालं. माझ्या नखांत होतं.”

वाफ्यापाशी काही हललं नाही. मग निळा रंग उभा राहिला.

इतके दिवस तो बसलेला असायचा. उभा राहिला तेव्हा तो मला आठवत होता त्यापेक्षा उंच वाटला. हिची उंची माझ्या खांद्याएवढी. हे काय होतं मग? धुक्यात अंदाज चुकतो, मी मनाशी म्हणालो, धुक्यात सगळ्यांचाच अंदाज चुकतो. तो रंग वाढू लागला. म्हणजे जवळ येत होता. पावलांचा आवाज नव्हता. केसांच्या रंगाखाली चेहऱ्याच्या जागी फिकट काहीतरी होतं, त्याला अजून नाकडोळे नव्हते. पायरीपर्यंत आलं. वाकलं. दोन हातांच्या अंतरावर आलं. मग हातभर अंतरावर.

वीतभरावर आलं की मला स्वच्छ दिसणार होतं. चष्म्याशिवाय, माझ्या स्वतःच्या डोळ्यांनी. हेच तर मला हवं होतं. आणि त्या फिकट रंगात कडा उमटू लागल्या, गालाची एक रेघ, आणि तोंड असतं तिथं एक सावली, आणि ती उघडी होती.

मी डोळे मिटून घेतले.

जन्मभर लोकांना ‘डोळे उघडे ठेवा, पापणी हलवू नका’ म्हणणारा माणूस मी. गच्च मिटले.

माझा उजवा हात कुणीतरी उचलला. थंड नव्हता तो स्पर्श, ऊनही नव्हता. बोटाच्या पेराला मला ओळखीचा खरखरीतपणा लागला, सुई टोचून टोचून घट्ट झालेल्या कातडीचा. मग अंगठ्याच्या नखाला वाकलेलं पातं लागलं.

कुट्.

एकेक बोट. न घाई करता, कडा गोल करत, ती करायची तसंच. करंगळीपाशी नेहमीसारखं थोडं थांबून, कारण करंगळी माझी वाकडी आहे. मी हुंदके देत होतो आणि हात हलू देत नव्हतो. डोळे उघड, मी स्वतःला म्हणत होतो, अरे, उघड डोळे. उघडले नाहीत. त्या उघड्या सावलीच्या भीतीनं नाही उघडले, की उघडले तर हात सुटेल म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

हात माझ्या मांडीवर परत ठेवला गेला. थोड्या वेळानं आवाज पुन्हा वाफ्याकडून यायला लागला. आता तो थांबत नव्हता. कुट् कुट् कुट् कुट्. ऊन पायरीवरून उतरून माझ्या पावलांवर आलं, तिथूनही गेलं, तरी चालूच होता. मग तो थांबला आणि पुन्हा सुरू झाला नाही.

बऱ्याच वेळानं मी चष्मा चाचपून लावला आणि मगच डोळे उघडले. वाफा जमिनीलगत कापलेला होता. एक पान उभं नव्हतं. सगळी पानं, फुलं, देठ एका बाजूला रचून वर जुना कागद झाकलेला होता, चार कोपऱ्यांवर चार दगड. पायरीवर माझी नखंही नव्हती.

आत जाऊन मशीनच्या खणाचं कुलूप काढलं. कात्री जागच्या जागी होती. स्वच्छ पुसलेली.

८

मावशी वाचली. किडनी थोडी कमजोर झाली आहे, औषध कायमचं आहे, पण वाचली. लेक रजा काढून आली आणि तिनं तिला दवाखान्यातून घरी आणलं. लेकीला आणि डॉक्टरीणबाईंना मी त्या दुपारचं काही सांगितलं नाही.

कापलेल्या लिली मी कागदासकट नेऊन टाकल्या. कंद उरले होते, ते लेकीनं कुदळीनं काढले. घामाघूम होऊन, कंदांवरचे तिरके बारीक काप बघत पायरीवर येऊन बसली.

“बाबा, एवढं सगळं तुम्ही कापलंत? त्या छोट्या कात्रीनं?”

“आईची पद्धत,” मी म्हणालो.

तिला ते पटलं. डोळे पुसत हसली.

मावशीला आता बागेत सोडतो. ती वाफ्यापाशी जाते, मोकळ्या मातीचा वास घेते, वर तोंड करून वाट बघते. अंग घासायला वळते आणि पडता पडता सावरते, कारण तिथं टेकायला काही नसतं. मग माझ्याकडे येते.

मी दुपारी दुकान उघडं ठेवतो. मधलं दारही उघडंच ठेवतो. गिऱ्हाइकाचा चष्मा काढला, भिंगं घालायच्या आधी, मी विचारतो, “आरशात काय दिसतंय?” लोक म्हणतात, काही नाही, सगळा राडा. मग मी भिंग घालतो.

नखं पुन्हा वाढली. परवा लेक पुन्हा आली होती. जायच्या आधी तिनं कात्री घेतली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “आणा बाबा तो हात, किती वाढवलीत.”

मी डावा हात पुढे केला.

“हा नाही. उजवा.”

“राहू दे तो,” मी म्हणालो, आणि हात पाठीमागे घेतला.